‘हंगर गेम्स’मधली भूक कुणी वाचणार की नाही?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या वाचनाबद्दल एक लेख आला होता. त्यात ‘हंगर गेम्स’ या पुस्तकांवर साधारण दीड कॉलम होता आणि सगळा सूर असा की मुलंच मुलांना मारतात असली पुस्तकं आपल्या शाळांच्या लायब्ररीत हवीत कशाला, त्यात परत तो प्रेमाचा त्रिकोण, आणि तिसऱ्या भागात तर लेखिकेची पकडच सुटली. मी तो लेख दोनदा वाचला, एकदा चिडून आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, कारण मला बघायचं होतं की अख्ख्या दीड कॉलममध्ये ‘भूक’ हा शब्द कुठे आलाय का. नाही आला. पुस्तकाच्या नावातला पहिलाच शब्द आहे हो तो!

मी सांगली जिल्ह्यात राहते, मुलगी नववीत आहे. तिच्या मैत्रिणीकडून पहिला भाग घरी आला, तिने दोन दिवसात संपवला, मग मी रात्री घेऊन बसले, आणि आता सुझॅन कॉलिन्सचे पाचही भाग आमच्या घरात आहेत. सगळं कळलं असा माझा दावा नाही, इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो. पण जे वाचलं त्यावर गेले सहा-सात महिने आमच्या घरात रोज काही ना काही बोलणं होतंय, आणि त्या लेखात जे लिहिलंय ते त्या पुस्तकांवर अन्याय करणारं आहे असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उत्तर अमेरिका खंड उद्ध्वस्त झाल्यानंतर तिथे पॅनेम नावाचा देश उभा राहतो, मधोमध डोंगरात श्रीमंत कॅपिटॉल आणि भोवती बारा जिल्हे, डिस्ट्रिक्ट. एकेकाळी जिल्ह्यांनी बंड केलं होतं, त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून 12 ते 18 वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी सोडत काढून निवडायची, चोवीस जणांना एका मैदानात सोडायचं, शेवटी एकच जिवंत उरेपर्यंत, आणि हे सगळं टीव्हीवर दाखवायचं, बघणं सक्तीचं. पॅनेम हा शब्द लॅटिनमधला, त्याचा अर्थ भाकरी, आपण पाव म्हणू. जनतेला भाकरी आणि खेळतमाशे दिले की ती गप्प बसते, असं जुन्या रोममधलं एक वचन आहे त्यातून घेतलेला. म्हणजे देशाचं नावच भाकरी आहे आणि त्या देशात पोरं उपाशी मरतायत.

आता ती सोडत कशी चालते ते बघा, कारण माझ्या मते सगळं पुस्तक तिथे आहे. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, अशा वाढत अठराव्या वर्षी सात. हे सगळ्यांना सारखं. पण घरात खायला नसेल तर तुम्ही आपल्या नावाची जादा चिठ्ठी टाकू शकता आणि त्या बदल्यात एका माणसाला वर्षभर कसंबसं पुरेल एवढं धान्य आणि तेल मिळतं. याला पुस्तकात टेसरा म्हणतात, मी आईला सांगताना सरळ ‘रेशन’ म्हटलं आणि तिला लगेच कळलं. घरातल्या प्रत्येकासाठी एक जादा चिठ्ठी घेता येते, आणि या जादा चिठ्ठ्या सुद्धा वर्षानुवर्षं साठत जातात. म्हणून गोष्टीची नायिका, बाराव्या जिल्ह्यातली सोळा वर्षांची कॅटनिस, तिच्या नावाच्या 20 चिठ्ठ्या आहेत, आई, बहीण आणि स्वतः अशा तिघींचं रेशन ती बारा वर्षांची असल्यापासून आणतेय. तिचा शिकारीतला जोडीदार गेल अठरा वर्षांचा, घरात लहान भावंडं, त्याच्या 42. आणि ज्यांच्या घरी रात्रीच्या जेवणाची चिंता नाही, महापौरांची मुलगी मॅज वगैरे, त्यांच्या चार-पाच. नियम सगळ्यांना एकच, कागदावर कुठेही अन्याय दिसत नाही, फक्त जो जास्त उपाशी तो जास्त वेळा त्या भांड्यात. गेल एकदा म्हणतो की ही पद्धत मुद्दाम अशी केलीय, म्हणजे पोटभर जेवणारे आणि उपाशी यांनी आपापसात एकमेकांचा राग करावा आणि वर कुणाकडे बघू नये. चौदा वर्षांच्या पोरीने हे वाचून मला विचारलं, आई, मग मॅजची काय चूक? त्यावर आम्ही तासभर बोललो. ही पुस्तकं हिंसा शिकवतात म्हणणाऱ्यांनी त्या तासाला यायला हवं होतं.

माझी आई 72 च्या दुष्काळात जत भागात होती, रोजगाराच्या कामावर खडी फोडलेली आहे तिने, आणि लाल मिलोची भाकरी आणि सुकडी हे शब्द आमच्या घरात अजूनही वेगळ्याच आवाजात उच्चारले जातात. तिला इंग्रजी येत नाही म्हणून मी रोज संध्याकाळी जेवढं वाचलं असेल तेवढं तिला सांगायचे. मारामारीचे प्रसंग सांगितले तेव्हा ती ऐकून घ्यायची, पण त्या पावाचा प्रसंग सांगितला त्या दिवशी तिने हातातली भाजी बाजूला ठेवली. कॅटनिस अकरा वर्षांची असताना बाप खाणीतल्या स्फोटात गेलेला, आई दुःखाने अंथरुणाला खिळल्यासारखी झालेली, घरात दाणा नाही, पोरगी पावसात बेकरीच्या मागच्या कचऱ्यात काही मिळतंय का बघतेय, मालकीण तिला हाकलून देते, आणि बेकरीवाल्याचा मुलगा पीटा दोन पाव मुद्दाम जाळतो, त्यासाठी आईचा मार खातो आणि ते पाव डुकराला टाकायचे सोडून तिच्याकडे फेकतो. दुसऱ्या दिवशी तिला शाळेच्या आवारात एक डँडेलियनचं फूल दिसतं आणि बापाने शिकवलेल्या रानातल्या खायच्या वनस्पती आठवतात. आई एवढंच म्हणाली, ‘आम्ही पण टाकळा-कुर्डूवर काढले की दिवस.’ नंतर बराच वेळ काही बोलली नाही.

लेखिकेला हे कुठून सुचलं असेल? तिने मुलाखतींमध्ये सांगितलंय की तिचे वडील अमेरिकेतल्या महामंदीच्या काळात वाढले, त्यांच्या घरी शिकार ही हौस नव्हती, घरात मटण यायचं ते तेवढंच, आणि रानातले मश्रूम आणून ते परतून खायचे. ते हवाई दलात होते, 1968 साली व्हिएतनामला गेले होते. आणि पुस्तकाची कल्पना तिला टीव्हीचे चॅनेल बदलताना सुचली, एका चॅनेलवर रिअॅलिटी शोमध्ये स्पर्धा चाललेली आणि दुसऱ्यावर इराकच्या युद्धाची दृश्यं, दोन्ही एकमेकांत मिसळायला लागली. त्यात लहानपणी वाचलेली एक ग्रीक गोष्ट होती, अथेन्सने क्रीटच्या राजाला सात मुलगे आणि सात मुली पाठवायच्या, तिथे भुलभुलैयात मिनोटॉर त्यांना खाणार.

ही गोष्ट आपल्याला परकी आहे का? बकासुराला गाडाभर भात, दोन रेडे आणि घरटी एक माणूस पाळीपाळीने पाठवणारी एकचक्रा नगरी आपल्या मुलांना पहिलीच्या आधीपासून माहिती असते, आणि आपण ती गोष्ट हिंसक म्हणून कधी लपवली नाही. महाभारतात त्या घरातली माणसं ‘मी जातो, मी जाते’ म्हणून भांडतात तो भाग किती हलवून टाकणारा आहे, बाप म्हणतो मी, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी, आणि छोटा मुलगा गवताची काडी उचलून म्हणतो याने मी राक्षसाला मारतो. तिथला राजा काही करत नाही हे सुद्धा त्या गोष्टीत स्पष्ट आहे. फरक एवढाच की एकचक्रेला भीम मिळाला. पॅनेममध्ये भीम नाही. तिथे सोडतीत निघालेल्या धाकट्या बहिणीच्या जागी ‘मी जाते’ म्हणणारी सोळा वर्षांची, कायम अर्धपोटी राहिलेली पोरगी आहे, आणि तिला राक्षसाशी लढायचंच नाहीये, तिला आपल्यासारख्याच दुसऱ्या पोरांशी लढायला लावलंय. मला वाटतं मुलांना हे जास्त खरं वाटतं म्हणून ती हे पुस्तक खाली ठेवत नाहीत.

त्या लेखात सिनेमाचाच जास्त उल्लेख होता. 2012 चा पहिला सिनेमा मी पण बघितला, जेनिफर लॉरेन्सचं काम चांगलंच आहे त्यात वाद नाही. पण रू मेल्यानंतर काय होतं ते पुस्तकात आणि सिनेमात ताडून बघा. रू ही बारा वर्षांची पोरगी, अकराव्या जिल्ह्यातली, जो सगळ्या देशासाठी धान्य-फळं पिकवतो आणि जिथे पिकातलं काही खाल्लं तर सगळ्यांसमोर फटके मारतात. ती मरते, कॅटनिस तिला फुलांनी सजवते, आणि मग आकाशातून एक चांदीचं पॅराशूट येतं, त्यात अकराव्या जिल्ह्याचा चंद्रकोरीसारखा पाव. तो रूसाठी म्हणून लोकांनी पैसे जमवून घेतलेला असणार, आणि ती गेल्यावर तो परत न घेता त्यांनी दुसऱ्या जिल्ह्याच्या मुलीला पाठवला. ज्यांना स्वतःला खायला नाही त्यांनी! सिनेमात हा पाव नाही. त्याच्या जागी दंगल आहे, लोक पोती फेकतायत, शिपायांवर धावून जातायत. बघायला जोरदार आहे, पण मला विचाराल तर पुस्तकाचं काळीजच काढून ठेवलं. तीच तऱ्हा कॅटनिसबरोबर खेळात उतरलेल्या पीटाच्या पायाची, पुस्तकात त्याचा पाय जातो, कायमचा, सिनेमात दोन्ही पाय शाबूत. आणि दुसऱ्या सिनेमाच्या वेळी अमेरिकेत कॅपिटॉलच्या नावाने मेकअपचं सामान निघालं आणि सँडविचच्या जाहिराती झाल्या, ज्या भागात कॅपिटॉलचे लोक मेजवानीत अजून खाता यावं म्हणून उलटी करायचं औषध पितात त्या भागाच्या सिनेमाला! तेव्हा मुलांना काय शिकवलं जातंय याची काळजी असेल तर ती इथे करा, पुस्तकाला दोष देऊ नका.

प्रेमाच्या त्रिकोणाबद्दल मी जास्त बोलणार नाही. गेल नीट उभा राहिलेला नाही हे मला मान्य आहे, दुसऱ्या भागात परत मैदानात जाणं थोडं तेच तेच वाटतं हेही मान्य. पण ‘पीटा की गेल’ हे भांडण वाचकांनी आणि जाहिरातवाल्यांनी मोठं केलं, कॅटनिसला स्वतःला बहुतेक वेळ घरचे आज काय खाणार याचीच काळजी असते.

आता तिसरा भाग, ‘मॉकिंगजे’. पकड सुटली म्हणे. मला हा भाग पाचांमधला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि तो आवडायला मला दोनदा वाचावा लागला. हो, मधली शंभर पानं जमिनीखालच्या खोल्यांमध्ये आणि बोगद्यांमध्ये घुसमटवून टाकतात, आणि कॅटनिसचा साथीदार फिनिक, त्याच्यासारख्या माणसाचा मृत्यू दोन ओळीत उरकलाय याचा माझ्या मुलीला अजून राग आहे. पण बघा काय केलंय लेखिकेने. कधीच नष्ट झाला असं सगळे समजत होते तो बंडखोरांचा तेरावा जिल्हा सापडतो, आपल्याला वाटतं सुटलो, आता चांगली माणसं आली. तिथे जेवण मोजून मिळतं, दिवसाचं वेळापत्रक हातावर छापतात, टंचाई आहे म्हणून आपण समजून घेतो. आणि मग कॅटनिसला एका कोठडीत तिची मेकअप करणारी माणसं साखळदंडात सापडतात, अंगावर जखमा, गुन्हा काय तर जादा पाव घेतला. तिथेच माझ्या मनात त्या तेराव्या जिल्ह्याबद्दल पाल चुकचुकली. पावासाठी अकराव्या जिल्ह्यात फटके होते, इथे साखळ्या, मग फरक काय राहिला?

शेवटी ती पॅराशूट्स. ज्या चांदीच्या पॅराशूटमधून मैदानात औषध आणि अन्न यायचं, तशीच पॅराशूट्स कॅपिटॉलमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर थंडीत कोंडलेल्या लहान मुलांवर पडतात. मुलं हात वर करून ती घेतात, कारण लहानपणापासून टीव्हीवर बघितलंय की यात काहीतरी चांगलं असतं. आणि ती फुटतात. मग डॉक्टर-नर्स मदतीला धावतात, त्यात प्रिम, जिच्यासाठी कॅटनिस पहिल्या पानांवर पुढे आली होती ती धाकटी बहीण, अजून चौदाचीही झालेली नाही, आणि तेवढ्यात दुसऱ्यांदा स्फोट होतो. मदतीला येणाऱ्यांना गाठायची ही दोन टप्प्यांच्या बॉम्बची युक्ती गेल आणि बंडखोरांसाठी यंत्रं बनवणारा बीटी या दोघांनी आधीच कागदावर मांडलेली असते. त्या रात्री मी आईला गोष्ट सांगितली नाही, दोन दिवस थांबून मग सांगितली.

त्यानंतर बंडखोरांची प्रमुख कॉइन आधीच्या खेळांमधल्या जिवंत उरलेल्या सात विजेत्यांना मत द्यायला सांगते, कॅपिटॉलच्या मुलांना घेऊन एक शेवटचा खेळ करायचा का? पीटा, ॲनी आणि बीटी नाही म्हणतात. कॅटनिस हो म्हणते, प्रिमसाठी. माझं मत असं की तिला तेव्हा सगळं कळलेलं होतं आणि कॉइनचा विश्वास बसावा म्हणून ती हो म्हणाली, कारण पुढे कॅपिटॉलचा राष्ट्राध्यक्ष स्नो याला मारायला दिलेला बाण ती कॉइनवर सोडते. मुलगी म्हणते, नाही आई, त्या क्षणी तिला खरंच हवं होतं, तिची बहीण गेली होती. आमचं हे भांडण अजून मिटलेलं नाही. चौदा वर्षांच्या मुलीला सूड आणि न्याय यातला फरक इतक्या बारकाईने धरून बोलताना बघितलं आणि मला त्या पुस्तकाबद्दल कृतज्ञता वाटली, ती मी लपवत नाही.

नंतर आलेले दोन भाग लेखात धरलेलेच नाहीत. 2020 च्या ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’मध्ये तोच क्रूर स्नो अठरा वर्षांचा आहे, खानदान मोठं पण घरात कोबी उकडून खातायत, लहानपणी वेढ्याच्या काळात त्याने भुकेने माणूस काय करतो ते डोळ्यांनी बघितलंय. म्हणजे भूक त्यालाही माहिती होती! त्याच भुकेतून कॅटनिस वाटून खायला शिकली आणि तो दुसऱ्याच्या भुकेवर राज्य करायला शिकला, खेळातल्या मुलांना पैसे लावून अन्न पाठवायची पद्धत त्याच्याच डोक्यातून निघालेली. त्या पुस्तकाचा शेवट लांबलाय, पण हे वाचल्याशिवाय पहिली तीन पुस्तकं पुरी होत नाहीत असं माझं मत. मार्च 2025 मध्ये आलेल्या ‘सनराइज ऑन द रीपिंग’मध्ये कॅटनिस आणि पीटाला खेळासाठी तयार करणारा जुना विजेता हेमिच, त्याची गोष्ट आहे, 48 मुलांचा खेळ, आणि टीव्हीवर दाखवलेलं आणि प्रत्यक्ष घडलेलं यात केवढं अंतर होतं ते एकेक करून उघडं पडत जातं. मोबाईलवर आलेला प्रत्येक व्हिडिओ खरा मानणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या घरात हा भाग पाहिजे.

लेखात म्हटलंय मुलं याचं अनुकरण करतील. केलं की. 2014 मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा लोकांनी पुस्तकातली ती तीन बोटांची खूण करून निषेध केला आणि त्यासाठी त्यांना पकडून नेलं, 2021 मध्ये म्यानमारमध्ये तीच खूण दिसली. बाराव्या जिल्ह्यात ती खूण अंत्ययात्रेला करतात, तिचा अर्थ आभार, आदर आणि आपल्या माणसाचा निरोप. तरुणांनी पुस्तकातून धनुष्यबाण नाही घेतले, हे घेतलं.

माझी विनंती एवढीच आहे की शाळांनी ही पुस्तकं ठेवावीत, पाचवी-सहावीच्या मुलांना नको, आठवीपासून पुढे द्यावीत, आणि जमलं तर घरातल्या मोठ्या माणसाने सोबत वाचावीत, कारण प्रिमचा प्रसंग मुलांनी एकट्याने वाचू नये असं मला वाटतं. आणि लिहिल्या गेलेल्या क्रमानेच द्यावीत, आधी मूळ तीन, मग स्नो, मग हेमिच.

अजून एक, लेखात सोडतीत कॅटनिसचं नाव निघालं असं छापलंय, ते कृपया पुढच्या अंकात दुरुस्त करा. तिच्या 20 चिठ्ठ्या होत्या तरी तिचं नाव निघालं नाही. नाव निघालं प्रिमचं. तिची एकच चिठ्ठी होती, कारण बहिणीने तिला कधी रेशनसाठी नाव टाकू दिलं नव्हतं.

आपली,
एक वाचक, जि. सांगली